ठमाबाईच्या नावानं बाळंतपण

रुखमा लग्न होऊन माजरीला आली, त्याच वर्षी तिनं तट्ट्याच्या भिंतीआडून एक भांडण ऐकलं. सासू बायनाबाई थोरल्या सुनेवर, ठमाबाईवर, उखडली होती.

"सात वर्षं झाले, कूस उजवेना! देवाजीले दुसरी करून देतो आता."

"द्या नं! मीच हळद लावतो तिले," ठमाबाई ओरडली. मग तिचं रडणं ऐकू आलं. ते रडणं रुखमाच्या कानात घर करून बसलं.

पुढं रुखमाला दोन पोरं झाली, ठमाबाईची कूस रिकामीच. तिसऱ्या वेळी रुखमा आपणहून ठमाबाईला म्हणाली, "बाई, आता जे होईल ते तुमचं." तिच्या नवऱ्यानं, हरिदासनं, मान हलवली. त्याला खाणीत ठेकेदाराकडं काम लावून दिलं होतं थोरल्या देवाजीभाऊनंच, ठमाबाईच्या नवऱ्यानं. नाही म्हणायला तोंड कुठलं?

दत्तकाचा कागद करावा हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. डोक्यात आलं ते खाणीचं मेडिकल कार्ड. देवाजी पक्का कामगार, त्याच्या बायकोचं बाळंतपण खाणीच्या दवाखान्यात फुकट. मग काय, पोट रुखमाचं आणि कार्ड ठमाबाईचं! ओकाऱ्या इकडं रुखमाला, आणि तिकडं खाणीनं दिलेल्या क्वार्टरात ठमाबाई पोटाला जुनं लुगडं बांधून, कमरेवर हात ठेवून चालायची. वॉर्डात नर्सनं "ठमाबाई!" म्हणून हाक मारली की रुखमा दाराकडं बघायची, कोण आली म्हणून.

"बहिरी आहे का ही?" नर्स वैतागायची.

मुलगी झाली, साक्षी. जन्माच्या दाखल्यावर आई ठमाबाई, बाप देवाजी. दवाखान्याच्या वहीत रुखमानं अंगठा दिला, तोही ठमाबाईचा म्हणून.

साक्षी क्वार्टरात वाढली. रुखमा तिची काकी. शाळेत सोडणं, आणणं, उवा काढणं ही कामं काकीची. नऊ वर्षं ठीक चाललं. मग दोन हजार तीनला देवाजीची दूरच्या खाणीवर बदली झाली. एका दुपारी ठमाबाई हळूच म्हणाली, "रुखमा, तिकडं तू येऊ नको वं. पोरीचा तोंडवळा तुयावर चाल्ला. लोकं पाहून राह्यले."

 दुसऱ्या दिवशी रुखमा घरी न सांगता बस धरून चंद्रपूरला वकिलाकडं गेली. सगळं सांगून म्हणाली, "साहेब, मले पोर परत नाई पायजे. मी तिची आई आहो, एवढं कुठीतरी लिहून ठेवा. वर्षातून एकडाव तरी भेटता आलं पायजे."

वकिलानं चष्मा काढला. "बाई, हिंदूंचा दत्तकाचा कायदा तुम्हा बौद्धांनाही लागू आहे. तेव्हा आल्या असत्या तर उघड दत्तक देता आलं असतं. जन्म देणारीचं नाव कागदावर राहिलं असतं."

"मंग आता करा नं."

"आता कागद म्हणतो, पोर ठमाबाईचीच आहे. स्वतःची पोर कोणी दत्तक घेतं का?"

"कागद खोटा आहे म्हणून सांगतो मी!"

"सांगा. मग खोट्या नावानं कार्ड वापरलं म्हणून देवाजीची नोकरी जाईल. आणि अंगठा तुमचा, म्हणजे केस तुमच्यावरही."

देवाजीची नोकरी गेली की हरिदासचं कामही गेलं. पोरगी ज्या चुलीवरचं जेवते तीच विझायची. जिकडून निघावं तिकडं आपलाच अंगठा आडवा. रुखमाला भलत्या वेळी हसूच आलं.

"मंग मी तिची कोण हो?"

"काकी."

"ते तरी कुठी लिहून आहे?" म्हणत ती उठली.

नव्या गावी नाव घालायला शाळेचा दाखला हवा होता. ठमाबाई सामान बांधत होती. तिनं नेहमीप्रमाणं रुखमाला पाठवलं. श्रावण गुरुजींनी दाखला लिहून वाचून दाखवला. "जन्म सव्वीस तारखेचा, आईचं नाव ठमाबाई. बरोबर ना, काकी?"

"बरोबर. पण तारीख चुकली, गुरुजी. सव्वीस नाई, सत्तावीस. पहाटची."

गुरुजींनी रजिस्टर पाहिलं आणि दुरुस्त केलं. "तुम्हाले तर पाठ आहे!"

"काकीले ठेवा लागते पाठ," रुखमा म्हणाली.

तिनं दाखला नेऊन ठमाबाईच्या हाती दिला. साक्षीची सुटलेली रिबीन बांधली. हरिदासची सुटी व्हायची वेळ झाली होती, म्हणून भात टाकायला घरी गेली.