वाघोबाची मूठ

ये, अशी जवळ सरक. तिथे उंबऱ्यात पाहुण्यासारखी बसू नकोस. बल्लारपूर काय परदेशात आहे का गं, की आत्याचं तोंड बघायला तुला पोळ्यापासून होळी लागावी? फोन करतेस, कबूल. पण फोनवर विचारतेस काय, तर "आत्या, बाबा तुझ्याशी बोलून काऊन नाई राह्यले?" असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या असतात का? म्हणून वही घेतली. वाचताना तू समोर बसली आहेस असं मी धरून चालते. मधेमधे रागावले तर ऐकून घे.

तुला बरंचसं ठाऊक आहे, तरी मुळापासून सांगते. वही कोणाच्याही हाती लागते.

आपलं गाव पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला खेटून. धान मळून कोठीत गेलं की गावाबाहेरच्या माळावर शंकरपट भरतो. दोन बैलजोड्या बाजूबाजूच्या पट्ट्यांवरून सुटतात, आधी पोचेल ती जिंकली. मधली काही वर्षं बंदी होती, मग उठली. लोक जोड्यांवर पैसे लावतात. लावू नयेत. पण मी त्यांनाच भजी विकते, तेव्हा कोणत्या तोंडाने बोलणार? मैदानात नोट दिसू नये म्हणून आपल्याकडे चिचोके चालतात. आधी पट चालवणाऱ्या कारभाऱ्याच्या घरी पैसे द्यायचे, शंभराला एक चिचोका घ्यायचा. पटाच्या दिवशी ज्या जोडीवर आपला जीव, तिच्या टोपलीत तो टाकायचा. शर्यत झाली की दोन्ही टोपल्या एका मोठ्या सुपात ओततात आणि जिंकलेल्या जोडीवाले ते वाटून घेतात. मात्र वाटण्याच्या आधी एक मूठ निघते. वाघोबाची.

वाघोबाचा दगड नाल्यापलीकडे, मोहाच्या झाडाखाली. मूठ त्याच्या तेलवातीला आणि गावजेवणाला. नियम एकच, वाघाचा वाटा मोजू नये. मोजला तर तो स्वतः न्यायला येतो. म्हणून मूठ निघताना सगळं मैदान मान खाली घालून डोळे मिटतं. इतकं शांत होतं की बैलांचा श्वास ऐकू यावा.

मूठ काढायची ती दुधाचे दात न पडलेल्या पोरीने. सहाव्या वर्षी ती मी होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे उघडे, कारण हात मला घालायचा होता. त्या एवढ्याशा मुठीत मावून किती मावणार? पंधरा-वीस चिचोके, त्यातलेही दोन-चार बोटांतून निसटायचे. माझ्यानंतर कितीक पोरी झाल्या. बंदीच्या आधीची शेवटची तू. पण मला डोळे मिटायची सवय काही लागली नाही. पुढचं सगळं त्या एका खोडीने झालं.

बंदी उठल्यावर पट नव्या कारभाऱ्याच्या हाती गेला. बोलायला गोड माणूस, तालुक्यात ओळखी. मांडव घातला, भोंगे लावले, जोड्या लांबून बोलावल्या. पोर मात्र आणली नाही. "आजकालच्या मायबापायले आवडत नाई," म्हणाला आणि मूठ स्वतः काढू लागला. माना खाली गेल्या. माझ्या कढईतला घाणा जळाला, कारण मी बघत बसले. त्याने बंडीखालून धान मापायचा शेर काढला. एक शेर भरून पोत्यात ओतला. मग दुसरा. मग तिसरा. सूप हलवून सारखं केलं, खोकला, आणि लोकांनी डोळे उघडले.

घरी येऊन मी आपले चिचोके काढले, सूप तेवढंच भरलं आणि शेराने मापलं. दहा शेर. दहातले तीन. शंभरातले तीस गेले होते, आणि माझ्या लहानपणी शंभरातले दोन जात असतील की तीन, देव जाणे.

तुझा बाप दरवर्षी लावतो. जोडी जिंकली तरी हातात येतं थोडंच. त्याचं उत्तर ठरलेलं. "लोकायनं जास्त लावलं असंल बाई, वाटेकरी वाढले." मी मोठी बहीण, म्हणून मला बाई म्हणतो. त्याच्या मनात शंका येत नाही. वाघाच्या वाट्यावर शंका घेणारा माणूस तो नव्हे.

यंदाच्या पटाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून शर्यती बाकी असताना, कारभारी माझ्याकडे चहाला आला. मी म्हटलं, "भाऊ, मूठ मोठी झाली."

त्याने बशीत चहा ओतला, फुंकला. "वाघ मोठे झाले, बाई. पयले दोन होते, आता मोजता येत नाई."

"मी तुमाले घेऊ नका म्हणून नाई राह्यली. मांडवाले लागते, भोंग्याले लागते, समजते मले. पण सांगून घ्या. शंभरातले तीस घेतो म्हणा. ज्याले लावाचं तो लावीन."

"वाघाचा वाटा मोजते का कोनी?" तो हसला. बशी खाली ठेवली. "तुमचा भाऊ नाल्याकडच्या वावरात एकटाच राह्यते नं? जंगलाचं काई सांगता येत नाई बाई. जपून राहा म्हणा त्याले."

चहाचे पैसे देऊन गेला. वर दोन रुपये जास्त ठेवून गेला.

मला राग आला की भीती वाटली, आजही सांगता येत नाही. दोन्ही झालं असेल. शाळा मी पाहिली नाही, तुला ठाऊक आहे. भजी बांधायला आणलेल्या रद्दीवरून अक्षरं लावत लावत वाचायला शिकले. भज्यांचा भाव लिहायचा काळा पत्रा होता, तो पुसला आणि खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, "शंभरातले तीस वाघोबाला. सत्तर वाटणीला."

पहिलं गिऱ्हाईक वाचून म्हणालं, "मावशी, भज्याचा भाव वाघाले इचारून लावला का?" दोघे-तिघे हसले. मग एकाने ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवलं. हसणं थांबलं. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, कारभाऱ्याला जाब विचारतील. तसं काहीच नाही झालं. लोक येत, वाचत, नाल्याकडे एकदा बघत आणि गप निघून जात. काहींनी चिचोके परत केले. त्या दिवशी टोपल्या अर्ध्याही भरल्या नाहीत.

दुपारी तुझा बाप आला. पत्र्यापुढे उभा राहिला. ओठ हलवत वाचलं, परत वाचलं. मग खांद्यावरच्या शेल्याने सगळं पुसलं, कोपऱ्यातला ठिपकासुद्धा.

"तुनं मोजलं, बाई?"

"अरे, तीन शेर काढले त्यानं. शेरानं. माह्या डोळ्यानं..."

"वाघाचं मोजलं?"

मी म्हटलं, वाघाचं नाही रे, त्या माणसाचं मोजलं. तो ऐकतच नव्हता. ज्याने वाटा खाल्ला त्याच्यावर तो रागावला नाही, माझ्यावरही रागावला नाही. घाबरला. साठीकडे झुकलेल्या माणसाचं तोंड लहान पोरासारखं झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. जाताना एवढंच म्हणाला, "मूठ तेवढीच असंल. तुले दिसलं ते काई भलतंच असंल."

चौथ्या दिवशी नाल्याच्या ओल्या रेतीत पावलं उमटली. रुंद, सावकाश चाललेली. आठव्या दिवशी तुझ्या बापाची कालवड गेली, तीच, तू जिच्या कपाळावरचा चांद बघून खूश झाली होतीस.

वाघ दरवर्षी येतो गं. मागच्या साली आला, त्याच्या मागच्या साली आला. धान कापलं, रान मोकळं झालं की जनावर नाल्यावर उतरतं. हे इथल्या लेकरालाही माहीत आहे. पण यंदा कोणालाच ते आठवलं नाही. मला कोणी एक शब्द बोललं नाही, फक्त दुकानात यायचे थांबले. दूध नासू लागलं, मग मी कमी घेऊ लागले.

कारभारी तेवढा आला. त्याच बाकावर बसला, तसाच बशीत चहा ओतला.

"बाई, तुमचंच ऐकलं आपुन. पुढच्या साली मीच बोर्ड लावतो, मोठा, रंगानं लिहून. शंभरातले पस्तीस."

"पस्तीस?"

"लोकायले इचारलं मी. घ्या म्हणते. वाघ गावात आला नं." आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "लपवत होतो तेव्हा तीसच घेत होतो, बाई."

मला वाटत होतं, आकडा सांगितला की लोक शहाणे होतील. भ्यालेल्या माणसाला आकडा सांगितला तर तो खिशात हात घालतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

पण त्यासाठी मी तुला लिहीत नाही. पस्तीस जावोत की पन्नास. मी लिहिते आहे तुझ्या बापासाठी.

मी मोजलेलं भरून द्यायचं, असं त्याने मनाशी घेतलं आहे. रोज सांज व्हायच्या आधी शेल्यात तांदूळ बांधतो, नाला ओलांडतो, मोहाखालच्या दगडाशी जातो. न बघता हात घालून मूठ काढायची, न मोजता ठेवायची. आता मोहाची फुलं पडायला लागली आहेत, लोक वेचायला वाकतात, आणि झाडाखाली वाकलेला माणूस वाघाला जनावरच दिसतो. वनखात्याचा गार्ड दोनदा सांगून गेला, नाल्यापलीकडे एकटं जाऊ नका. तुझा बाप त्याला हो म्हणतो आणि जातो. मी मागोमाग नाल्यापर्यंत जाते. अलीकडच्या काठावर ताट आणि पळी घेऊन वाजवत उभी राहते. तो दगडापाशी पोचतो, डोळे मिटतो. किती वेळ मिटलेले ठेवतो ते मोजायची मला आता हिंमत होत नाही. परवा त्याच्या मागची तुरीची वाळकी झाडं हलली. वारा नव्हता. मी ताट वाजवत राहिले, हात भरून आले. तो वळला आणि माझ्या शेजारून काही न बोलता गेला.

माझं तो ऐकणार नाही. माझ्या डोळ्यांवर त्याचा विश्वास उरलेला नाही. पण त्या सुपात हात घालणारी त्याची स्वतःची लेक आहे. तो पुढेच उभा होता तेव्हा, डोळे मिटून. तुझे उघडे होते. तू सांग त्याला, मूठ केवढी होती. शेजारच्यांची नात यंदा सहा वर्षांची आहे, तिला बोलावू, सूप भरू, तिला हात घालायला लावू. त्याचा हात तू धर आणि म्हण, बाबा, यावेळी बघा. तुझा शब्द त्याने कधी मोडलेला मला आठवत नाही.

सुट्टी मिळत नाही हे सांगू नकोस. सकाळच्या गाडीने नीघ, उन्हात पोच, सांजेची गाडी घेऊ नकोस. आज मी परत ताट घेऊन जाणार आहे, उद्याही जाईन. पण तू लवकर ये गं माय, या आठवड्यातच ये.