टँकरला हार

ऐंशीच्या सुमारास मी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात कारकून होतो. वार्षिक अहवाल मीच लिहायचो. मळीच्या पाण्याने शेजारच्या गावाची विहीर नासली, तेव्हा चेअरमनसाहेबांनी तिथे रोज टँकर सुरू केला. गावाने टँकरपुढे नारळ फोडला. "लई उपकार झाले, सायेब," म्हणत सरपंचांनी हात जोडले. माझं डोकं फिरलं. पण अहवालात मी मुकाट्याने लिहिलं, 'समाजकार्य: एका गावाला पाणीपुरवठा.' पुढच्या वर्षी उसाचं गाळप वाढलं आणि मळी ओढ्याने खालच्या गावापर्यंत पोचली. मी लिहिलं, 'उत्पादनाबरोबर समाजकार्यातही वाढ: दोन गावांना पाणीपुरवठा.' ते दुसरं गाव माझं होतं. टँकरला पहिला हार माझ्या वडिलांनी घातला.