हुसेनसाहेबांचं विशेषण

हुसेनसाहेब मुन्शींनी एकच इंग्रजी विशेषण जन्मभर पुरवून वापरलं: इन्डिफॅटिगेबल. तीस सालाच्या आसपास सोलापूरच्या कचेरीसमोर लिंबाखाली आम्ही दोघे अर्ज लिहायला बसत असू. मी मराठी, ते इंग्रजी. हमाल असो की शिपाई, नोकरीचा अर्ज म्हटला की हा शब्द त्यात पडायचाच. "साहेब लोग इसपे अटकते हैं," म्हणायचे. मात्र सगळा अर्ज हिंदुस्थानीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचे नाहीत. त्या शब्दापाशी आले की टाक खाली ठेवायचे. "यानी अथक. अनथक भी बोलते. थकताच नै सो आदमी." हमाल खूश होऊन आपल्याच दंडाकडे बघायचा. मी चिडवायचो, "मुन्शीजी, अख्ख्या सोलापुरात दमणारं कुणीच नाही की काय?"

"अर्जी में नहीं," ते शांतपणे म्हणायचे.

एकदा नरसम्मा आली. विणकराची विधवा, गिरणीत सूत गुंडाळायच्या कामाला. पोर तापानं फणफणलं म्हणून नऊ दिवस घरी राहिली, तेवढ्यात तिचं नाव कापलं. आता परत घेतलं नाही तर पोराला घेऊन निझामाच्या मुलखात भावाच्या दारात जायचं, आणि भावजयीनं आधीच नको म्हणून कळवलेलं. मुन्शीजींनी झकास अर्ज लिहिला, वाचून दाखवला. 'अथक' ऐकताच बाईनं अंगठा मागे घेतला.

"मैं थकती, जी. शाम को हात उठते नै मेरे."

"लिखने का होता है ऐसा," मुन्शीजी म्हणाले.

"साब पूछे, थकती क्या, तो क्या बोलूँ?"

मला हसू आलं, पण मुन्शीजींचा चेहरा बघून गिळलं. इतक्या वर्षांत त्यांच्या लाडक्या शब्दाला कुणी हात लावला नव्हता. त्यांनी तो अर्ज टराटरा फाडला, नवा कागद घेतला आणि बाईला विचारत विचारत लिहिलं: थकते, तरी येते. पोर आता बरं आहे. उद्यापासून येईन. विशेषण एकही नाही. ती गेल्यावर मी म्हटलं, "गेली हिची नोकरी." त्यांनाही तसंच वाटत असावं, कारण चार दिवस ते धड जेवले नाहीत.

पाचव्या दिवशी नरसम्मा आली. घेतलं म्हणाली.

"साब कुछ बोले?" मुन्शीजींनी विचारलं.

"पढ़े. मेरे तरफ देखे. फिर कुर्सी दिखाके बोले, बैठो."

मुन्शीजी कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. गिरणीच्या त्या साहेबाकडे त्यांनी आजवर शेकडो न थकणारी माणसं धाडली होती. त्यातल्या एकालाही तो बस म्हणाला नव्हता.