आतोबांना बोट लागते

आमच्या आतोबांना आजवर कुणीही कुठंही नेलेलं नाही. ते जिथं गेले तिथं आपले आपण गेले, आणि जाताना इतरांना घेऊन गेले. कुठल्याही वाहनाला खरी सीट एकच, ती स्टेअरिंगमागची, आणि बाकीच्या सीटा म्हणजे सामान ठेवायची सोय, असं त्यांचं ठाम मत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. फौजेत ते ट्रक चालवायचे. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी अशा बर्फाळ रस्त्यांवरून त्यांनी रेशन, रॉकेल, तंबू आणि एकदा तर अख्खं बँडपथक वर चढवलं आणि सुखरूप खाली आणलं. पण याच माणसाला ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं की पहिल्या दोन वळणांत त्याचा चेहरा पांढरा पडतो आणि हात खिशातल्या लिंबाकडे जातो. सरळ सांगायचं तर आतोबांना गाडी लागते. स्वतः चालवली तर नाही, दुसऱ्यानं चालवली तर हमखास.

त्यामुळे साताऱ्याहून आमच्याकडे सांगलीला ते कायम स्वतःच्या जुन्या जीपनं यायचे. एकदाच, जीप गॅरेजात होती म्हणून, एसटीनं निघाले. ड्रायव्हरच्या पाठीमागची दांडी धरून ते उभे राहिले आणि उंब्रजपर्यंत ती गाडी दोघांनी मिळून चालवली. ड्रायव्हर हातांनी आणि आतोबा तोंडानं. कराडच्या स्टँडवर ड्रायव्हरनं त्यांना स्वतःच्या पैशानं चहा पाजला आणि हात जोडून विनंती केली की इथून पुढं फक्त गिअरचं काही बोलू नका. आतोबांनी शब्द दिला, पाळला आणि पेठनाक्याच्या अलीकडं त्यांना गाडी लागली. त्यांच्या लग्नातली गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. म्हसवडला वरातीची जीप सजवून उभी होती, ड्रायव्हर फेटा बांधून तयार होता. नवरदेवानं त्याला खाली उतरवलं, मुंडावळ्या कानामागं सारल्या आणि नवरीला शेजारी बसवून स्वतः वरात काढली. बँडवाल्यांना पळता भुई थोडी झाली. आजोबा चिडले होते, पण आत्या म्हणते की तिला तेव्हाच कळलं, या माणसाबरोबर आपण कुठंतरी नक्की पोचणार.

आत्या मूळची म्हसवडची, म्हणजे आमच्या माणदेशातली. लहानपणी तिच्या लेखी पाणी म्हणजे डोक्यावरचा हंडा आणि टँकरची वाट. लग्न होऊन ती कृष्णाकाठच्या उसात आली, पुढं साताऱ्यात कॉलनीत घर झालं, दारात नळ आला, तरी नळाला पाणी आलं की ती अजून दोन क्षण नुसती बघत उभी राहते. आतोबांनी तिला त्यांच्या बदल्यांच्या निमित्तानं बर्फ दाखवला, वाळवंट दाखवलं. मुंबईला चौपाटीवरही नेलं होतं, पण तिथं पाण्यापेक्षा माणसं जास्त होती असं तिचं म्हणणं पडलं. मग पहिल्या लॉकडाऊनमध्ये एका दुपारी ती टीव्हीसमोर तांदूळ निवडत बसली असताना पडद्यावर एक भलीमोठी पांढरी बोट आली. आजूबाजूला नुसतं निळं पाणी. आत्याचा हात सुपातच थांबला. ती म्हणाली, "आवं, मागं वळून बघितलं तरी पाणीच, असं खरंच असतं व्हय?"

आतोबांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "दावतो तुला."

इथं हे सांगायला हवं की त्या दिवसांत साताऱ्याहून सांगलीला यायचं तर पास लागत होता आणि तो मिळत नव्हता. कोपऱ्यावर साखर आणायला गेलेल्या माणसाला पोलीस उभं करून विचारत होते. देशातली विमानं, रेल्वे, एसटी सगळं ठप्प होतं. अशा वेळी साताऱ्यातल्या एका बंद घरात आतोबांनी समुद्रावर जायची तयारी सुरू केली. मला त्यांनी फोनवरच या मोहिमेवर भरती करून घेतलं. माझं काम बोटींची माहिती काढायची आणि संध्याकाळी रिपोर्ट द्यायचा. सगळ्या बोटी बंद आहेत, असा रिपोर्ट मी महिनोन् महिने दिला. ते म्हणायचे, "बंद हायत तवर तयारी करून घ्यायची रं. सुरू झाल्यावर कुठला येळ मिळतोय?"

तयारीतला पहिला भाग होता डुलण्याचा. बोट आपण चालवणार नाही, म्हणजे ती लागणार, हे त्यांना ठाऊक होतं, आणि आत्याला समुद्र दाखवायचा म्हणजे आपण शेजारी शुद्धीवर बसलेलं हवं, हेही ठाऊक होतं. तेव्हा पोटाला वळण लावायचं ठरलं. ओसरीवरच्या झोपाळ्यावर ते सकाळचा चहा घेऊ लागले, मग नाष्टा, मग जेवण. झोका द्यायला आत्या. आमटीची वाटी हातात धरून झोके घेणारा नवरा आणि एका हातानं झोका देत दुसऱ्या हातानं भाजी चिरणारी बायको, हे दृश्य मी व्हिडिओ कॉलवर कितीदा पाहिलं असेल. त्यांच्या सगळ्या पांढऱ्या बनियनांवर त्या काळातल्या आमट्यांचे डाग आहेत. दुसरा भाग नाकाचा. बोटीवर चढण्याआधी नाकातून तपासणी होणार आणि आत्याला तर नाकाला पदर लागला तरी शिंका येतात. म्हणून रोज परेडसारखं तिला उभं करून कापूस लावलेली काडी नाकाशी न्यायची. ती शिंकली की आतोबा फौजी आवाजात पुन्हा हुकूम सोडायचे, आणि दोघंही हसत सुटायचे. लस घ्यायला तर ते कडक इस्त्री करून गेले आणि सुई टोचणाऱ्या बाईंना त्यांनी विचारलं, ही समुद्रातपण चालते ना?

तिसरा भाग पाण्याचा. बाहेर पडायला जरा मोकळीक मिळाली तशी आतोबांनी आत्याला जीपमध्ये घातलं आणि थेट वाईच्या घाटावर नेलं. बोट बुडाली तर, हा त्यांचा मुद्दा होता. आमच्याकडं पोरं पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकतात, तसा तेलाचा मोठा पत्र्याचा डबा त्यांनी आत्याच्या पाठीला दोरीनं बांधला आणि तिला लुगड्यासकट कृष्णेत उतरवलं. साठीतली बाई, पाठीवर डबा, तोंडावर मास्क, आणि पायरीवरून सूचना देणारे आतोबा. घाटावरच्या एका गुरुजींनी जवळ येऊन अदबीनं विचारलं की यजमान, हा विधी कुठला? गर्दी जमू लागली म्हणून पोलीस आला आणि अंतर ठेवा म्हणाला. आत्या कमरेएवढ्या पाण्यात आतोबांचं एक बोट घट्ट धरून उभी होती. पोहायला ती काही शिकली नाही. पण घरी येताना म्हणाली म्हणे, की एवढ्या पाण्यात ती जन्मात पहिल्यांदाच उभी राहिली.

दुसरी लाट आली आणि हसणं काही महिने बंद झालं. आतोबांच्या दोन जुन्या साथीदारांच्या बातम्या आल्या. कुणाला खांदा द्यायलाही जाता आलं नाही. झोपाळा तेवढा हलत राहिला. मग पावसाळ्यानंतर खरंच बोटी सुरू झाल्या. मुंबईहून निघून गोव्याकडं जायचं आणि परत यायचं, मधला सगळा वेळ समुद्रात. मी बुकिंग केलं आणि तिथल्या मुलीशी आतोबांचं बोलणं करून दिलं. त्यांनी त्यांच्या फौजी हिंदीत एकच मागणी केली, "मॅडम, कप्तानसाब के बाजू में एक स्टूल मिलेगा क्या? बात नहीं करूँगा, सिर्फ बैठूँगा." मुलगी गोड हसली आणि बघते म्हणाली. आतोबांनी ते होकारात धरलं. आत्यानं शेंगदाण्याची चटणी कुटली, खर्डा केला, कडक भाकऱ्यांचं एक गाठोडं बांधून बॅगेत भरलं, कारण बोटीवर काय देतील याचा भरवसा नाही. आणि समुद्राच्या लाटेआधी तिसरी लाट आली. बोट रद्द झाली, तसा निरोप मोबाईलवर आला. पैसे परत मिळाले. फोनवर मला आत्याचा आवाज नेहमीसारखाच वाटला, पण आतोबा नंतर म्हणाले की ती बॅग काही रिकामी करत नाही. भाकऱ्या तेवढ्या काढून घेतल्या आणि बॅग तशीच भिंतीला लावून ठेवली. मला त्या बॅगेचं फार वाईट वाटलं.

तिसरी लाट ओसरली तेव्हा मी साताऱ्याला गेलो होतो. सकाळी आतोबांनी कुठं जायचं ते न सांगता आत्याला आणि मला जीपमध्ये बसवलं आणि बामणोलीला नेलं, कोयनेच्या धरणाचं पाणी पसरलेलं असतं तिथं. एक लाँच ठरवली. आतोबांनी आधी लाँचवाल्याला, मीच चालवतो, म्हणून पाहिलं आणि खिशातून ट्रकचं लायसन काढून दाखवलं. लाँचवाल्यानं ते कौतुकानं वाचलं, परत दिलं आणि फळीवर बसा म्हणाला. मग माझ्या डोळ्यांदेखत आतोबा, ज्यांना कुणी कुठं नेलं नव्हतं, गुमान जाऊन आत्याच्या शेजारी बसले.

मध्यावर गेल्यावर आत्यानं सगळीकडं मान फिरवली. चांगलंय म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पर डोंगर दिसत्यात की वो."

दिसणारच. सह्याद्रीच तो, जाणार कुठं? पण आतोबा उठले, हलत्या लाँचमध्ये तिच्या मागं उभे राहिले आणि दोन्ही तळहात त्यांनी तिच्या डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना लावले. "आता खाली, पाण्याकडं बघ," म्हणाले, आणि तिला धरून सावकाश गोल फिरवू लागले. पूर्ण फेरी. तिच्या गालावरून पाणी खाली आलं ते आतोबांच्या तळहातावर गेलं असणार. तेवढ्यात मागचा एक हात खिशातल्या लिंबाकडे गेला. तिनं वळून पाहिलं आणि लाँचवाल्याला म्हणाली, "दादा, बोट लागली."

तो म्हणाला, "अजून कुठं मावशी, काठ लय लांब हाय."

तोवर आतोबा कठड्यावरून वाकले होते. काठाला लागेपर्यंत ते आत्याचं एक बोट मुठीत धरून, डोळे मिटून बसून होते. दोन वर्षांचा झोपाळा काही कामी आला नाही. घरी आल्यावर आत्यानं बॅग रिकामी केली, आणि पुन्हा कुणी बोटीचं नाव काढलं की म्हणायची, माझं झालं बघून.

नंतर आतोबांना काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, बाजूचं दिसेनासं होत चाललंय. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आतोबा दवाखान्यातून बाहेर आले, जीपपाशी थांबले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

परवा मी दोघांना म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला घेऊन गेलो. आतोबा माझ्या शेजारी, आत्या मागं. आतोबांचा उजवा पाय अख्खा रस्ता नसलेला ब्रेक दाबत होता. लिंबू खिशात होतं, पण ते काढलं नाही. मागून आत्यानं दोन सीटांच्या मधून हात पुढं केला होता आणि तिचं बोट त्यांच्या मुठीत होतं. गाव जवळ आलं, माळ लागला, चारी बाजूंनी मोकळा. मी सहज म्हणालो की बोटी आता पुन्हा जोरात चालू आहेत, काढू का तिकिटं? आत्यानं ठरलेलं उत्तर दिलं. झालं की माझं बघून.

आतोबा समोर बघत म्हणाले, "तुझं झालं गं. माझं कुठं झालं? माझं हात तुझ्या डोळ्याला हुतं."

मग मागून आत्या म्हणाली, "काढ रं तिकिटं."

काढली आहेत. बोटी पावसाळ्यानंतरच्या आहेत. तोवर आतोबांच्या डोळ्यांत किती उजेड उरेल ते डॉक्टरही सांगत नाहीत, म्हणून मी त्यांना विचारायचं सोडून दिलं आहे. बुकिंगच्या वेळी, काही खास हवं आहे का, असं पलीकडून विचारलं तेव्हा मी आतोबांकडं पाहिलं आणि स्टूलची आठवण करून दिली. ते म्हणाले, "स्टूल नगं म्हणून सांग. हिच्याशेजारी बसतो." साताऱ्यात झोपाळा पुन्हा सुरू झाला आहे. मात्र आता त्याला झोका द्यायला मागं कुणी उभं नसतं. आत्याही त्यांच्या शेजारी बसते, आणि दोघं पायानं जमिनीला जरा जरा रेटा देत सकाळचा चहा घेतात.