टाकीत पहिलं पाणी चढलं तेव्हा

आमचे हे होड्या बांधणारे सुतार. पाचूबंदरच्या किनाऱ्यावर फळ्या वाकवायच्या, ठोकायच्या, फटींत कापूस ठासायचा. सगळं काम जमिनीवर. माणूस पडलाच तर वाळूत पडेल, म्हणून मी निर्धास्त होते. मग नगरपालिकेला वसईत पाण्याची उंच टाकी बांधायची हुक्की आली आणि माझी झोप उडाली.

टाकीचा तळ वाटीसारखा गोल. सिमेंट ओतायला आधी लाकडाचा तसाच गोल साचा लागतो, आणि घरं बांधणाऱ्या सुतारांना सवय सरळ कामाची. ठेकेदाराला कुणीतरी सांगितलं, बंदरावर जा, तिथले लोक फळी वाकवतात. आला मेला! आमचे हे हरखले. मी विचारलं, "अवो, पन वर म्हंजे किती वर?"

"माडापेक्षा थोडं वर."

थोडं! आयुष्यात कधी माडावर न चढलेला माणूस हा.

"आपल्या बंदराला गोडं पानी येईल," ते म्हणाले. आमच्या विहिरी मचूळ. पाण्यासाठी हंडे डोक्यावर घेऊन पायपीट करणारी मीच होते.

काम सुरू झालं. बाजारात मासळी विकून झाली की मी त्यांची भाकरी घेऊन जायची. वर बघायची छाती होत नसे. परांचीच्या बांबूंच्या पायथ्याशी कामगारांच्या चपला काढलेल्या असत. त्यात यांच्या चपला दिसल्या की समजायचं, माणूस अजून वर आहे. मी चपलांशेजारी भाकरी ठेवायची आणि खाली मान घालून निघायची. कुणी हसलं तर हसू दे. एकदा वरून काहीतरी धप्पकन पडलं, ते सिमेंटचं घमेलं होतं, पण मी रस्त्यातच मटकन खाली बसले होते.

शेवटी साचा निघाला, टेकू निघाले, टाकी आपल्या पायांवर उभी राहिली. मी देवळात जाऊन क्रूसापुढे मेणबत्त्या लावल्या. म्हटलं, सुटले बाई एकदाची.

कसली सुटते! आता तिच्यात पाणी भरायचं होतं. टाकीखालच्या आळीतले लोक गाठोडी बांधायला लागले. "होडीवाल्यानं केलेली टाकी, तिचा काय भरोसा?" बाजारात एक गिऱ्हाईक बाई मला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याची टाकी आमच्या डोक्यावर पडली म्हणजे?"

"पडली तर मासळीचे पैसे परत देईन!" मी फणकारले. पण घरी जाताना टाकीला लांबून वळसा घातला.

त्या संध्याकाळी जेवता जेवता यांनी सांगितलं, "उद्या पानी भरतात. मी खाली बसनार."

माझ्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. आमच्याकडे रीत आहे. नवी होडी पहिल्यांदा पाण्यात जाते तेव्हा ती बांधणारा सुतार तिच्यात बसतो. तो बसला नाही तर कुठलाही नाखवा त्या होडीला हात लावणार नाही. यांचं म्हणणं, टाकीत काही बसता येत नाही, तेव्हा टाकीखाली बसायचं.

"अवो, होडी बुडाली तर पोहता येतं. टाकी पडली तर काय पोहनार?"

ते ताटातला भात निपटत राहिले. मला इतका राग आला! या माणसाला भीती म्हणून नाहीच, असं वाटलं. मी फादरकडे धावले, म्हटलं, तुम्ही तरी सांगा. ते म्हणाले, प्रार्थना करतो. अहो, प्रार्थना तर मीही करत होते!

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलेच नाही. घरात रोझरी घेऊन बसले, पण बोटं एकाच मण्यावर अडकायला लागली. तशीच उठून टाकीकडे गेले. पाणी वर चढवायचं इंजिन धडधडत होतं. लोक लांब, रस्त्याच्या पलीकडे उभे. आणि टाकीखाली एकटे आमचे हे, फळकुटावर मांडी घालून बसलेले.

पाणी चढत होतं. टाकीच्या पोटाला एक ओला डाग उमटला. तो पसरला. मग त्यातून थेंब सुटला.

"फुटली! फुटली!" कुणीतरी ओरडलं. लोक वाट फुटेल तिकडे पळाले. मी टाकीकडे पळाले. शूर म्हणून नव्हे हो. मला त्यांना तिथून ओढून काढायचं होतं. मी दंड धरला, "उठा! आधी उठा!"

ते उठेनात. मी तोंडाला येईल ते बोलले. तेव्हा हळूच म्हणाले, "पाय हलत नाय गं. मघापासून हलवून बघतोय."

मी त्यांचा हात हातात घेतला. गार पडला होता आणि घामानं भिजला होता.

"वर असताना पन असंच व्हायचं," ते म्हणाले. "रोज. खाली तू भाकरी ठेवून जायचीस ना, तेव्हा तुझ्याकडं बघायची पन हिंमत नव्हती."

एक थेंब माझ्या मानेवर पडला, थंडगार. माझ्या पायांतलं बळच गेलं. मी त्यांच्या शेजारी बसले ती बसलेच. प्रार्थनेचा अर्धा भाग मी म्हणायची, उरलेला ते म्हणायचे. दोघांचेही दात वाजत होते. वर बघायचं नाही, एवढंच ठरलं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. पुढे कळलं की नवं सिमेंट पहिल्या पाण्याला असं पाझरतं आणि मग आपोआप बुजतं. थेंब थांबत आले होते. मान वळवून बघते तर आळीतले लोक एकेक करून परत येत होते. गाठोडी खाली ठेवत होते. बाजारातली ती बाईही त्यात होती.

"बघा," ती बाकीच्यांना सांगत होती, "सुतार तर बसलाच, त्याची बायकोसुद्धा बसलीय. टाकी पक्की आहे."

आम्ही दोघं एकमेकांचा हात घट्ट धरून तिच्याकडे बघत राहिलो. आम्हाला अजून उठता येत नव्हतं.