फासळ्यांच्या बारा जोड्या

"याच्या फासळ्या कोणी खाल्ल्या?"

चिटणीस काकूंनी आमच्या घरात पाऊल टाकलं ते हा प्रश्न विचारत. २००४ सालचा ऑक्टोबर होता. अमेरिकेत मॉरिसव्हिलच्या आमच्या टाउनहाउसच्या दाराला मी हॅलोविनसाठी, इथल्या भुतांच्या सणासाठी, डॉलरच्या दुकानातून आणलेला प्लॅस्टिकचा सांगाडा टांगला होता. शेजारचा निखिल आपल्या आईची ओळख करून द्यायला आला होता. त्या आदल्याच आठवड्यात नागपूरहून आल्या होत्या. मी नमस्काराला वाकले, पण काकूंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन त्या सांगाड्याच्या छातीवरून बोट फिरवत होत्या. "आठ, नऊ, दहा. दहाच जोड्या! बारा पाहिजेत नं. काय बाप्पा, एवढी मोठी अमेरिका आणि माणूस अर्धवट!"

मी वाकलेली तशीच राहिले. "आईनं तीस वर्षं मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवलीय," निखिल ओशाळून म्हणाला.

जेमतेम पाच फूट उंची, सुती साडी, तिच्यावर निखिलचा ढगळ स्वेटशर्ट आणि पायांत पांढरे बूट. बोलताना समोरच्याचं मनगट हातात धरायची त्यांना सवय होती. मायेनं धरलंय असं वाटावं, तोच त्या म्हणत, "मंजू, तुझी हाडं फार नाजूक आहेत गं. दूध पीत जा." कोणाच्या घरी गेल्या की माणसं बघायच्या आधी त्यांची चाल बघत. आमच्या देवळातल्या भटजींना त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की तुमचा डावा गुडघा दोन वर्षांत बोलायला लागेल. भटजी दक्षिणा विसरून गुडघाच चोळत बसले.

मी त्यांच्या अगदी उलट. मला सुईसुद्धा बघवत नाही. पुण्याला आमच्या घरी 'मेला' ही शिवीदेखील चालत नसे. वास्तू तथास्तु म्हणते, असं आई सांगायची आणि मी ते सातासमुद्रापार घेऊन आले होते. काकूंना याची भारी गंमत वाटायची. "दारात हाडांचा बाहुला टांगते, आणि मरण म्हटलं की कानांवर हात ठेवते. काहून घाबरून राहिली? ज्याला घाबरते, तोच तुला उभं धरून आहे. तो आतून निघाला तर तू चादरीसारखी खाली पडशील." त्यानंतर दोन दिवस मला स्वतःच्या कोपराला हात लावायची भीती वाटत होती.

त्या वर्षी माझ्या सात वर्षांच्या अनुष्कानं हट्ट धरला होता की हॅलोविनच्या दिवशी कँडी गोळा करून झाली की आपल्या घरी भुताचं जेवण हवं. मी चार मराठी कुटुंबांना बोलावलं. मासिकात बघून काळा टेबलक्लॉथ आणला, प्लॅस्टिकचे कोळी आणले आणि ताटांभोवती कापसाची जाळी पसरली. रविवारी सकाळी काकू डोकावल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे काय करून राहिली तू?"

"स्पूकी टेबल, काकू. भीती वाटायला हवी ना."

"जाळी बघून भीती नाही वाटत, झाडू घ्यावासा वाटतो. हे भुताचं जेवण नाही गं, आळशी बाईचं घर आहे." त्यांनी पदर खोचला. "तो दारातला बाहुला काढून आण."

पुढचे चार तास मी त्यांच्या हाताखाली होते, आणि मला अजून कळत नाही की मी पळून कशी गेले नाही. पहिल्यांदा त्यांनी ड्रायक्लीनरच्या तारेच्या हँगरचे तुकडे केले, गुडघ्यावर वाकवून गोल केले, त्यांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आणि सांगाड्याच्या कण्याला खालच्या बाजूला दोन जोड्या बांधल्या. पुढची टोकं मोकळीच ठेवली. मी विचारलं, ही पुढं जोडायची राहिली का?

"राहिली नाहीत, अशीच असतात. शेवटच्या दोन जोड्या मागं कण्याला धरून, पुढं मोकळ्या." मग खिडकीतून निखिलच्या घराकडे बघत म्हणाल्या, "आमच्या निखिलसारख्या."

मग सांगाडा टेबलाच्या मधोमध काळ्या कापडावर आडवा झाला. त्याच्या डोक्याशी हळद-मसाला लावून भाजलेला अख्खा फ्लॉवर. छातीत टम्म फुगलेल्या पुऱ्या, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. फुफ्फुसाचे कप्पे तेवढेच असतात म्हणे. मध्ये किंचित कललेलं बीटाचं कटलेट, ते हृदय. त्याखाली एका बाजूला काळ्या मसाल्याची भरली वांगी, ते यकृत. समोर दहीभात, ते जठर. पोटात शेवयांच्या उपम्याची वेटोळी. काळी मनुका खोचलेले दोन रसगुल्ले कवटीत बसवले, तेव्हा मी सिंकपाशी जाऊन तोंडावर पाणी मारून आले. वांगी मी ठेवली होती, ती त्यांनी उचलून पलीकडे नेली. "उजवीकडे, मंजू! त्याच्या उजवीकडे, तुझ्या नाही. पेशंटला मारशील."

संध्याकाळी पाहुणे आले आणि एकेक करून दारातच थबकले. एका वहिनींनी मुलाचे डोळे झाकले. "अहो, हे काय? अन्न आहे ना हे?" दुसऱ्या म्हणाल्या. पण भुताखेतांच्या वेषातली मुलं केव्हाच टेबलाला चिकटली होती. काकूंनी डाव हातात घेतला आणि वर्ग सुरू केला.

"लिव्हर कुठं असतं?"

"राइट साइड, आजी!"

"माझी की त्याची?"

"हिज!"

"शाबास पोट्टे. घे वांगं."

एरवी वांग्याचं नाव काढलं की रडणारी अनुष्का त्या दिवशी दोन लिव्हर खाऊन गेली. बघता बघता मोठ्यांचीही भीड चेपली. हास्यविनोद सुरू झाले. काकूंचे गाल लाल झाले होते. अमेरिकेत आल्यापासून त्यांना मी इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. मुलं आइस्क्रीम घेऊन तळघरात गेली, आणि तेव्हा काकूंनी पर्समधून चार घड्यांचा एक कागद काढला, उलगडला, हातानं सपाट केला आणि निखिलच्या ताटाशेजारी ठेवला. वर पेन.

"सही कर."

निखिलनं कागदाकडे पाहिलंच नाही. काय आहे ते त्याला माहीत असावं. "आई, इथे?"

"इथंच. घरी तू विषय बदलवतो."

तो देहदानाचा फॉर्म होता, त्यांच्याच कॉलेजचा. मरणानंतर देह शिकणाऱ्या मुलांना द्यायचा, आणि त्यावर जवळच्या नातेवाइकाची सही हवी होती. जवळचा नातेवाईक एकच, हा एकुलता एक मुलगा. आतापर्यंत जे नाटक वाटत होतं ते एकदम खरं झालं.

"मी नाही करणार," निखिल म्हणाला. आवाज मुद्दाम शांत ठेवलेला. "बाबा गेले त्या सप्टेंबरात ते टॉवर्स पडले होते, इथून विमानंच उडत नव्हती. मी पोचलो तेव्हा माझ्या हातात अस्थींचा कलश दिला. अग्नी चुलतभावानं दिला. मला बाबांचा चेहरासुद्धा दिसला नाही. आता तुझ्या वेळी पण मी काहीच करायचं नाही का?"

काकूंनी त्याचं मनगट धरलं.

"बेटा, तीस वर्षं मी दर जूनमध्ये पोरांना पहिल्या दिवशी टेबलाशी उभं करत आली. हात जोडा म्हणायची, या माणसानं तुम्हाला अंग दिलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या आईबापांवर शिकवलं मी. आता माझी पाळी आली, तर जळून जाऊ?"

"द्यायला दुसरे लोक आहेत."

"आहेत. त्यातले निम्मे बेवारस असायचे. त्यांच्यासाठी कोणाची सही लागत नव्हती. मला लागते, कारण मला तू आहेस."

निखिल उठला, आणि जॅकेटही न घेता निघून गेला. काकू हसून म्हणाल्या, "पोट्ट्याला वेळ लागतो." मग त्या ताटं गोळा करायला लागल्या. सिंकपाशी मी त्यांच्या शेजारी उभी होते म्हणून मला दिसलं, एकच धुतलेलं ताट त्या पुन्हा पुन्हा धूत होत्या. मी काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं. पण मला इतकंच सुचलं, "काकू, आजच्या दिवशी कशाला असलं बोललात?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे बघावं तसं.

"मंजू, आज तुम्ही सगळे मरण टेबलावर घेऊन बसले होते, हसत हसत. मला वाटलं, आज तरी ऐकतील."

मार्चमध्ये त्या परत निघाल्या. निखिलसोबत मीही विमानतळावर गेले होते. पाच महिन्यांत दोघांनी तो विषय काढला नव्हता, एवढं मला माहीत होतं. बॅगा देऊन झाल्या, मिठ्या मारून झाल्या, आणि काकू आत वळणार तेवढ्यात निखिल म्हणाला, "कागद दे." त्यांच्या हातातल्या छोट्या बॅगेवरच ठेवून त्यानं सही केली. मी डोळे पुसत होते. काकूंनी चष्मा खाली घेऊन सही तपासली.

"तारीख टाक," म्हणाल्या.

दोन वर्षांनी, २००७च्या मार्चमध्येच, रविवारी सकाळी निखिल आमच्याकडे चहाला आला होता. तेव्हा त्याचा फोन वाजला. नागपूरहून मावसभाऊ होता. तिकडे संध्याकाळ होती. काकू दुपारी झोपल्या त्या उठल्याच नव्हत्या. भावानं विचारलेलं मला पलीकडून ऐकू आलं. कॉलेजवाले म्हणतात लवकर आणा. पण तू येणार असशील तर बर्फात ठेवतो, चेहरा तरी बघ. काय करू?

निखिल खुर्चीत ताठ बसला होता. मी मनात ओरडत होते, थांबव म्हण, येतो म्हण, वेड्या. गॅसवर चहा उतू गेला. कोणी उठलं नाही.

"नको," तो म्हणाला. "आजच घेऊन जा. उशीर झाला तर आईला चालणार नाही."

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. वडिलांचा चेहरा दिसला नाही म्हणून इतकी वर्षं जळणाऱ्या मुलानं आईचा चेहरा स्वतःच्या तोंडानं सोडून दिला होता. मला तेव्हा त्याचा रागच आला, खोटं कशाला सांगू. नंतर तो नागपूरला जाऊन आला. अग्नी नाही, अस्थी नाहीत, तेरावा नाही. आमच्या मराठी मंडळात कुजबुज झाली. मीसुद्धा दोन-तीन वेळा त्या कुजबुजीला मान डोलावली. याची आज लाज वाटते.

त्या वर्षी हॅलोविन आला तेव्हा टेबल मांडायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण अनुष्का आता दहा वर्षांची होती, तिनं मागेच लागून सांगाडा तळघरातून काढला. निखिलला मी बिचकतच बोलावलं. तो लवकर आला. काळ्या कापडावर आडव्या पडलेल्या सांगाड्यापाशी उभा राहिला आणि आईसारखंच छातीवरून बोट फिरवत मोजायला लागला. दहाच्या पुढे बोट अडलं. चिकटपट्टी पिवळी पडली होती, पण तारा घट्ट होत्या.

"वहिनी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबांच्या अस्थी तरी हातात आल्या होत्या. आईचं माझ्याकडे काहीच नाही. या दोन जोड्या मला देता?"

मी फक्त मान हलवली. तो वाकला, कण्याला बांधलेल्या तारेचा पीळ हळूहळू उलगडायला लागला. एक वेढा सुटला, दुसरा सुटला. मग त्याचे हात थांबले. शेवटी त्यानं तार पुन्हा पिळली, घट्ट केली आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"नको," तो म्हणाला. "दहाच राहतील. आई रागावेल."