बुरूलचा आपा चहाला आली की

सारीबुलाक गावात बुरूलचा नावाची बाई, साऱ्या गावाची आपा म्हणजे ताई, कुणाच्या दारात उभी राहिली की आतला माणूस आधी स्वतःची नाडी चाचपायचा. "आपा, आम्ही ठणठणीत आहोत हं," असं तरणेताठे बाप्येसुद्धा उंबऱ्यावरच सांगून टाकायचे. म्हाताऱ्या तिला पाहून आलेला खोकला गिळायच्या. आपाला त्याचं काही वाटत नसे. "मीठ मागायला आलेय रे, तुला न्यायला नाही," म्हणत ती चुलीपाशी ऐसपैस बसायची आणि मीठ विसरून तीन वाट्या चहा पिऊन जायची.

कारण आपा शोक गायची. माणूस गेला की त्याच्या दारात नमद्याचा, म्हणजे लोकरीच्या जाड थराचा, तंबू उभा राहतो. बाहेर घरचे बाप्ये काठीवर रेलून उभे राहतात, आत बायका दाराकडे पाठ करून नमद्याच्या भिंतीकडे तोंड करून बसतात. येणारा प्रत्येकजण लांबूनच घोडा फेकत, हंबरडा फोडत येतो, आणि आतून बाईनं त्याला गाऊन उत्तर द्यायचं असतं: गेलेला कसा होता, तो गेल्यानं कुणाचं काय गेलं. बुरूलचा आपा गायला लागली की ज्यांना रडू येत नाही त्यांनाही यायचं. "रडलं की भूक लागते," ती म्हणायची, "आणि माणूस जेवला की निम्मा सावरला."

शोकाचा माल ती आधीच गोळा करून ठेवायची. कुणी आजारी पडलं की चहाला जायची आणि गप्पांत विचारायची, "तुझा पहिला घोडा कुठल्या रंगाचा रे? आई तुला लाडानं काय म्हणायची? लहानपणी कुणाचं काय चोरलंस?" आजाऱ्यालाही मजा यायची. मरणाबद्दल बोलायला सगळे कचरतात. ही बया त्याच्या चोऱ्या विचारत बसायची. सामुदायिक शेतीच्या काळातला चेअरमन वारला तेव्हा मात्र ती अडली होती. सगळं गाव पालथं घातलं तरी त्याच्याबद्दल एक बरा शब्द मिळेना. शेवटी तिनं त्याच्या घोड्याचे गुण गायले. त्या चाली, ती आयाळ, ते इमान. चेअरमनची बायको डोळे पुसत म्हणाली, "इतकं चांगलं त्यांच्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं."

आणि आपाचा स्वतःचा नवरा गेला त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. शेजारची उम्सुनाय, जिचा आवाज ऐकून शेळ्या कान पाडायच्या, ती येऊन शेजारी बसली आणि संध्याकाळपर्यंत सुचेल ते बेसूर गात राहिली. तेव्हापासून गायला आपानं कुणाला नाही म्हटलं नाही.

त्या उन्हाळ्यात केरिमकुल म्हातारा अंथरुणाला खिळला. आपा गेली तर तो उशीवरूनच म्हणाला, "आलीस का माप घ्यायला?"

"माप कशाला, तुझ्या लांबी-रुंदीचा मला अंदाज आहे. चहा टाकायला सांग."

चहा त्याच्या सुनेनं, चिनारानं आणला. पोरगी शहरातली, पोर गुणी, पण तिला एकच धास्ती: सासरे गेले की तिलाच तंबूत बसून गावं लागणार. आपा तिला शिकवायला रोज येऊ लागली. परसात, म्हाताऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

"म्हण. माझ्या माथ्यावरचा पहाड ढळला."

"माझ्या माथ्यावरचा पहाड ढळला," चिनारा म्हणाली.

"अगं बाई, तू रेडिओवर हवामान सांगतेयस का? दुपारनंतर पहाड ढळण्याची शक्यता. जरा हेल काढ की."

चिनारा हसत सुटली आणि हसताना रडली. "मला जमायचं नाही आपा. सगळे नावं ठेवतील. आबांची शोभा होईल."

"अजून आबा मेलेत कुठे," घरातून आवाज आला, "आणि पहाडबिहाड म्हणू नकोस गं. मी पाच फूट."

पण केरिमकुलचं मन दुसरीकडेच अडकलं होतं, आणि ते त्यानं आपाला एकदा सून बाहेर गेल्यावर सांगितलं. मरायच्या आधी ज्याच्याशी बिनसलं त्याच्याकडून 'राजी आहे', म्हणजे मनात आता काही नाही, हा शब्द घ्यावा लागतो. बाकी सगळ्यांनी तो दिला होता. राहिला होता थोरला भाऊ असेक, ज्याला तो आके म्हणायचा. नदीपलीकडे राहणारा. मुलाच्या लग्नात केरिमकुलनं मेंढीच्या कमरेचं हाड, जे पंक्तीतल्या थोरल्याच्या ताटात पडायचं, ते शहरातल्या नव्या व्याह्याच्या ताटात घातलं आणि असेकच्या ताटात गेलं नडगीचं, जे पोरासोरांना देतात. असेक ते हाड तसंच ठेवून उठला तो सात वर्षं या दारात आला नव्हता.

"चूक माझी होती," केरिमकुल म्हणाला. "व्याह्याचा कोट पाहून मी भुललो. आता घोड्यावर बसवत नाही, नाहीतर मीच गेलो असतो. पोराला दोनदा पाठवलं."

"मग?"

केरिमकुलनं मान ताठ केली, ओठ पुढे काढले आणि हुबेहूब असेकच्या आवाजात म्हणाला, "'सांग त्याला. मी येईन ते त्याच्या मयतालाच येईन.'"

आपा हसली, पण वाटीतला चहा तिनं संपवला नाही. तिला ठाऊक होतं, हा म्हातारा त्या एका शब्दावाचून गेला तर तिचं सगळं गाणं खोटं पडेल. आणि असेक तंबूपुढे येऊन हंबरडा फोडेल, पण तो ज्यानं ऐकायचा तोच नसेल, मग काय उपयोग?

दोन दिवसांनी केरिमकुल म्हणाला, घरात जीव गुदमरतो, कुरणावर झोपायचो तसं नमद्याखाली झोपावंसं वाटतं. मुलगा मेलिस परसात तंबू ठोकायला निघाला.

"परसात कशाला," आपा म्हणाली. "नदीच्या अंगाला ठोक. वारा तिकडून येतो."

मेलिसनं तिच्याकडे पाहिलं. आजारी माणसाच्या दारात, रस्त्यावरून दिसेल असा तंबू. अख्ख्या खोऱ्यात त्याचा एकच अर्थ होतो. "आपा, लोक काय समजतील?"

"लोकांना काय, डोळे दिलेत देवानं. समजतील ते समजतील." मग हळू आवाजात, "अपशकुन असला तर माझ्या माथी. तू खुंट्या ठोक."

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. असेक चिडून परत गेला तर? धक्क्यानं केरिमकुलचंच काही झालं तर? सकाळी ती तंबूत केरिमकुलशेजारी येऊन बसली आणि बोर्सोक, म्हणजे पाहुण्यांसाठीचे पिठाचे गोळे, तळायला चिनाराला चूल पेटवायला सांगितलं.

धूर वर चढला. नदीपलीकडून तंबू दिसला असणार, कारण उन्हं वर यायच्या आत टापांचा आवाज आला. अशा वेळी कुणी चौकशी करत नाही. तंबू दिसला की घोड्यावर टांग टाकायची आणि रडत सुटायचं, हीच रीत. असेक पुलावरूनच सुरू झाला होता.

"अरे माझ्या काळजा रे, मला एकट्याला टाकून कुठं गेलास रे, माझ्या पाठच्या काळजा रे."

तंबूत केरिमकुलचे डोळे दिव्यासारखे झाले. आपा उठायला लागली तशी त्यानं तिचा हात धरला. "बस. ऐकू दे."

"एका हाडासाठी अबोला धरला रे मी. हाड कुत्र्यानं खाल्लं आणि भाऊ मातीनं खाल्ला रे."

"हे चांगलं आहे," केरिमकुल कुजबुजला. "हे लक्षात ठेव."

पण गोष्ट आपाच्या हातून निसटली ती चिनारामुळे. बाहेर चुलीपाशी पीठ मळत असलेल्या पोरीनं थोरले चुलतसासरे रडत येताना पाहिले. सासरे धडधडीत जिवंत आहेत हे ती विसरली. सगळं शिकवलेलं अंगात आलं. हाताला पीठ तसंच, ती बाहेरूनच तंबूच्या भिंतीकडे तोंड करून बसली आणि गायला लागली. पहाड नाही, काही नाही. "माझी करपलेली भाकरी कोण खाईल हो, खाऊन झक्कास कोण म्हणेल. मी शहरातून आले ती परकी, माझं नाव पहिल्यांदा हाकेला कुणी घेतलं हो, माझ्या आबांनी."

आपानं इतक्या वर्षांत असं गाणं ऐकलं नव्हतं. बाहेर असेक घोड्यावरून उतरता उतरता तिथेच गुडघ्यावर बसला.

आणि तंबूतून भिजलेला आवाज आला, "सूनबाई, ते भाकरीचं पुन्हा म्हण."

चिनाराची किंकाळी नदीपलीकडे ऐकू गेली म्हणतात. असेक उठला, दाराचा नमदा वर करून आत वाकला. भाऊ उशीला टेकून डोळे पुसत होता, हातात घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कुमीसची वाटी.

"तू मेला नाहीस?" असेकनं विचारलं.

"अजून नाही, आके. तुला घाई आहे का?"

असेकचा चेहरा लाल, मग जांभळा झाला. "मेलिस, माझा घोडा आण. सगळ्या गावासमोर मला गाढव केलंत."

मेलिस जागचा हलला नाही. आपा दारात आडवी झाली. "असेक आके, तुमच्या वयाच्या माणसाला मी रीत सांगायची का? रडत आलेला माणूस त्या घरचं खाल्ल्याशिवाय जात नाही. मयत कच्चं असलं म्हणून जेवणही कच्चं ठेवू का?"

"हे तुझं काम आहे, बुरूलचा. मला वाटलंच."

"माझंच. शिव्या जेवल्यावर द्या, तोंड रिकामं नको."

असेक बसला. ताटाकडे पाहीना. केरिमकुलनं हात पुढे केला. "आके, चूक माझी. तू राजी आहेस म्हण, म्हणजे मी सुटलो."

असेकनं त्या हाताकडे पाहिलं, मनगटाची हाडं मोजता येतील असा तो हात. त्याचे ओठ हलले. मग तो म्हणाला, "नाही म्हणत."

"आके."

"म्हटलं की तू जाशील. मी तुला ओळखतो. लहानपणी गोष्ट संपली की लगेच झोपायचास. नाही म्हणत जा."

आणि तो राहिला. घोड्याला खुंटीला बांधून, भावाशेजारी गादी टाकून राहिला. दिवसभर दोघांचं भांडण चाले: कुठल्या हिवाळ्यात लांडग्यानं कोणती मेंढी नेली, बापाचा चाबूक कुणी हरवला. आपा रोज यायची, आता माल मागायची गरजच नव्हती, दोघे एकमेकांच्या चोऱ्या आपणहून सांगत होते. शेजारणी दूध आणायच्या, मेलिसचे मित्र आळीपाळीनं म्हाताऱ्याला कूस बदलून द्यायचे, आणि असेक सगळ्यांना चुकीचं करता म्हणून ओरडायचा. रोज संध्याकाळी केरिमकुल विचारायचा, "आज म्हणतोस?" आणि असेक म्हणायचा, "उद्या बघू."

कुरणावरचे कळप खाली उतरू लागले तेव्हा एका सकाळी केरिमकुलनं विचारलं नाही. नुसता भावाकडे बघत राहिला. कुमीसही त्यानं परत केलं.

"दमलास?" असेकनं विचारलं.

"दमलो, आके."

असेकनं पांघरूण त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं, नीट खोचलं, पुन्हा काढून पुन्हा खोचलं. "राजी आहे," तो म्हणाला. "आईच्या दुधाइतका राजी आहे. आता पाय आत घे, गार लागेल."

आपा दारातून मागे सरली. बाहेर चिनारा धुणं वाळत घालत होती. आपानं तिच्या हातातली चादर घेतली आणि म्हणाली, "मी घालते. तू मोठी किटली चुलीवर ठेव. आज माणसं येतील."